विश्लेषण : कचऱ्याची गाडी दारात, पण कुंडी उचलणारा हातच मोडलेला… कॉम्पॅक्टरची लिफ्ट वारंवार का बिघडते?

कोपऱ्यावरची कचराकुंडी दोन दिवस भरून वाहू लागली, की पहिली तक्रार ठरलेली असते : ‘गाडीच आली नाही’. मात्र बऱ्याचदा गाडी सुस्थितीत असते, चालक कामावर असतो, सफाई कामगारही हजर असतात. नादुरुस्त असते ती गाडीच्या पाठीमागे बसवलेली, कुंडी उचलून आत रिकामी करणारी यंत्रणा. इंजिन, चासी आणि टायर यांच्यापुढे हा भाग किरकोळ वाटतो. पण तो मोडला की कॉम्पॅक्टरची अख्खी फेरी वाया जाते, नाहीतर कामगारांना फावडे-पाटी घेऊन कुंडी हाताने उपसावी लागते. हा बिघाड टाळता येतो का, आणि टाळण्याची जबाबदारी कुणाची, याचा हा आढावा.

यंत्रणा चालते कशी?

कॉम्पॅक्टर म्हणजे कचरा दाबून भरणारी बंद गाडी. मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर अशा शहरांत घंटागाड्यांनी गोळा केलेला किंवा सामायिक कुंड्यांत साठलेला कचरा यातून पुढे जातो. तिच्या मागच्या बाजूला असतो तो बिन लिफ्टर. इंजिनाच्या शक्तीचा काही भाग पीटीओ या जोडणीतून हायड्रॉलिक पंपाकडे वळवला जातो. पंप तेलावर दाब निर्माण करतो आणि त्या दाबाने सिलेंडरमधला दांडा बाहेर सरकून कुंडीला वर ढकलतो. हा दाब साधारण १५० ते २०० बार इतका असतो. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, यावरून ताकदीचा अंदाज यावा.

कुंडी पकडण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. १२० किंवा २४० लिटरच्या दोन चाकी डब्यांना पुढच्या काठाखाली कंगव्यासारखी दातेरी पट्टी अडकते. ११०० लिटरच्या चार चाकी मोठ्या कुंडीला दोन्ही कुशींवर एकेक जाड खुंटी असते. लिफ्टचे दोन हात त्या खुंट्यांखाली शिरतात, कुंडी वर जाते, उलटी होते आणि कचरा गाडीच्या हॉपरमध्ये पडतो. काही सेकंदांचा खेळ. पण या काही सेकंदांत सगळे वजन दोन खुंट्या, दोन हात, चार-सहा पिना आणि त्यांच्या वेल्डिंगवर तोललेले असते.

४४० किलोंचे गणित इथे का चुकते?

या कुंड्यांची मापे ‘ईएन ८४०’ या युरोपीय मानकावर बेतलेली आहेत. तिथला हिशेब सोपा आहे : एका लिटरला ०.४ किलो. म्हणजे ११०० लिटरच्या कुंडीत ४४० किलो कचरा, आणि कुंडीचे स्वतःचे वजन धरून एकूण ५१० किलो. युरोपातल्या कचऱ्यात कागद, पुठ्ठा, प्लास्टिकची वेष्टने यांचा वाटा मोठा, त्यामुळे एक घनमीटर कचरा साधारण १०० ते २०० किलोंचा भरतो. कुंडी काठोकाठ भरली तरी मर्यादेच्या जवळपासही जात नाही.

आपल्या कचऱ्याची तऱ्हा वेगळी. त्यात भाजीची देठे, उरलेले अन्न, फळांच्या साली, नारळाची शहाळी, रस्त्यावर झाडलेली माती. निम्म्याच्या आसपास तर ओलावाच. भारतीय शहरांतल्या मिश्र कचऱ्याची घनता ढोबळमानाने घनमीटरला ४०० ते ५०० किलो धरतात. ५०० चा आकडा घेतला तर भरलेल्या ११०० लिटरच्या कुंडीत ५५० किलो कचरा होतो आणि कुंडीसह वजन जाते ६२० किलोंवर. कुणीही काही चुकीचे टाकलेले नाही, तरी मर्यादा शंभरहून अधिक किलोंनी ओलांडलेली. जुलैमध्ये झाकण तुटलेल्या कुंडीत पावसाचे पाणी साचले, की हा आकडा आणखी वाढतो.

लिफ्टची स्वतःची क्षमता कुंडीच्या मर्यादेपेक्षा जास्त ठेवलेली असते, हे खरे. पण ती राखीव ताकद प्रसंगाला उपयोगी पडावी म्हणून असते. आपल्याकडे ती दररोज, प्रत्येक कुंडीमागे वापरली जाते.

राडारोड्याने नेमके काय होते?

घराचे काम निघाले, जुन्या टाइल्स उखडल्या. ट्रक बोलवावा इतका माल नाही, म्हणून चार-सहा गोण्या रात्री कुंडीत जाऊन पडतात. वरून दोन पिशव्या ओला कचरा आला की खाली काय आहे ते सकाळी कुणाला दिसत नाही. विटा, प्लास्टर आणि टाइल्सचे तुकडे घनमीटरला १३०० किलोंच्या घरात भरतात. ११०० लिटरच्या कुंडीचा फक्त चौथा भाग राडारोड्याने भरला आणि उरलेल्या भागात नेहमीचा कचरा असला, तर आतले वजन होते सुमारे ७७० किलो. एखाद्या लहान हॅचबॅक मोटारीइतके. पूर्ण कुंडी राडारोड्याने भरली तर जवळजवळ दीड टन.

वजनाखेरीज आणखी एक अडचण आहे. ओला कचरा कुंडी उलटी होताना हळूहळू सरकतो. दगड-विटा मात्र एका विशिष्ट कोनापर्यंत जागेवर राहतात आणि मग एकदम सुटतात. त्या क्षणी वजनाचा तोल झटक्याने बदलतो आणि हाताला हिसका बसतो. यंत्रशास्त्राच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात शिकवतात त्याप्रमाणे, एकदम पडलेल्या भाराचा ताण सावकाश ठेवलेल्या भाराच्या दुप्पट असतो.

दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत गाद्या, सोफ्याचे सांगाडे आणि फुटके कमोड येतात. मान्सूनपूर्व छाटणीनंतर झाडांच्या फांद्या. कुंडीबाहेर आलेली फांदी किंवा गादी वर जाताना हॉपरच्या कडेला अडते. चालकाला मागचे दिसत नाही, लिव्हरवरचा कामगार जोर वाढवतो आणि वाकते ती लिफ्टची चौकट किंवा कुंडीचे झाकण.

मग पहिल्याच दिवशी का मोडत नाही?

इथेच खरी गफलत होते. ७७० किलोंची कुंडी लिफ्टने एकदा उचलली, काही मोडले नाही, म्हणजे ‘चालते’ असा समज पक्का होतो. पोलाद आणि वेल्डिंग असे एका फटक्यात तुटत नाहीत, ते थकतात. प्रत्येक उचलीत वेल्डिंगच्या सांध्यात अदृश्य तडा किंचित पुढे सरकतो. वेल्डेड सांध्यांसाठी अभियंते वापरतात तो ठोकताळा असा की, ताण जितक्या पटीने वाढतो, त्याच्या घनाच्या प्रमाणात झीज वाढते.

हे आकड्यांत पाहू. कॉम्पॅक्टर एका फेरीत ७ टन कचरा नेतो असे समजा. म्हणजे ५५० किलोंच्या १२-१३ कुंड्या. दिवसाला तीन फेऱ्या धरल्या तर सुमारे ४० उचली. वर्षाचे ३०० दिवस धरले तर १२ हजार. आता ५१० ऐवजी ६२० किलो उचलायचे म्हणजे ताण सुमारे १.२ पट आणि झीज जवळपास १.८ पट. राडारोडा मिसळलेल्या कुंडीसाठी ८४० किलो, म्हणजे ताण सुमारे १.६५ पट आणि झीज साधारण साडेचार पट. ठरलेल्या भारावर आठ वर्षे टिकेल असा सांधा पहिल्या हिशेबाने साडेचार वर्षांत जाईल. प्रत्येक कुंडीत राडारोडा असेल तर दोन वर्षेही पुरी होणार नाहीत. प्रत्यक्षात हे दोन्ही मिसळून घडते. म्हणून लिफ्ट मोडते त्या दिवशी कुंडीत कदाचित साधाच कचरा असतो, आणि चौकशीत ‘कारण समजले नाही’ असा शेरा पडतो.

गॅरेजमधला ‘स्क्रू’

हायड्रॉलिक यंत्रणेत एक रिलीफ व्हॉल्व्ह असतो. दाब ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की तो उघडतो, तेल टाकीत परत जाते आणि लिफ्ट वर जायचे थांबते. कुकरच्या शिट्टीसारखीच ही सोय. लिफ्ट कुंडी उचलत नाही याचा साधा अर्थ, कुंडी जास्त जड आहे. पण रस्त्यावर मागे वाहनांची रांग आणि हॉर्नचा गजर सुरू असताना कुंडी तशीच सोडून जाणे कुणाला परवडत नाही. मग गाडी गॅरेजमध्ये जाते, ‘उचलत नाही’ अशी तक्रार होते आणि व्हॉल्व्हचा स्क्रू दोन आटे पिळून दाब वाढवला जातो. लिफ्ट लगेच उचलू लागते, मेकॅनिक हुशार ठरतो. यानंतर कमकुवत दुवा व्हॉल्व्ह राहत नाही. होज पाइप, सिलेंडरचे सील किंवा हाताचे वेल्डिंग यांपैकी काहीतरी आधी हार मानते. कारखान्यातून निघताना ठरलेला दाब सील करून ठेवणे आणि तो बदलल्यास नोंद बंधनकारक करणे, ही बिनखर्चाची गोष्ट आहे. आणि ती सर्वांत दुर्लक्षित आहे.

चालवण्याच्या सवयी किती महागात पडतात?

कुंडीच्या तळाशी चिकटलेला ओला कचरा सुटावा म्हणून ती वरच्या टोकाला दोन-तीन वेळा आपटण्याची पद्धत सर्रास दिसते. लिफ्टच्या प्रवासाच्या शेवटी धक्का शोषणारी गादी किंवा वेग कमी करणारी रचना नसेल, तर प्रत्येक आपटणे हे पिना आणि बुश यांच्यावर हातोडा मारण्यासारखे. पिन सैल झाली की हात डगमगतो, मग खुंटीत नीट बसत नाही.

दुसरी सवय, एकाच खुंटीवर उचलणे. कुंडी तिरकी लावली गेली, दुसऱ्या बाजूचा हात खुंटीखाली आलाच नाही, तरी लिव्हर ओढला जातो. सगळे वजन एका हातावर येते, शिवाय चौकटीला पीळ बसतो. अशी कुंडी वरून निसटण्याची शक्यताही सर्वाधिक. यामागे बहुतेक वेळा कामगाराचा निष्काळजीपणा नसतो. ११०० लिटरच्या कुंडीला २०० मिलिमीटरची चार चाके असतात. त्यातले एक तुटले की सहाशे किलोंचा बोजा सरळ रेषेत ढकलणे दोन माणसांच्या आवाक्याबाहेर जाते. फुटक्या फुटपाथवरून, पार्क केलेल्या दुचाकींमधून वाट काढत ती जशी येईल तशी लावली जाते. तुटलेले चाक वेळेत बदलणे हाही लिफ्टच्या देखभालीचाच भाग आहे, पण कुंडीची चाके कुणाच्या खात्यात येतात यावर फायली फिरत राहतात.

तिसरी सवय, हात पूर्ण मिटवण्याआधी गाडी पुढे काढणे. खाली लोंबणारी लिफ्ट गतिरोधकावर घासते किंवा रिव्हर्स घेताना भिंतीवर आदळते. याला उपाय स्वस्त आहे : लिफ्ट मिटली नसेल तर केबिनमध्ये दिवा आणि भोंगा सुरू करणारा सेन्सर.

एक मुद्दा खरेदीचाही. अनेकदा गाड्या एका निविदेतून येतात आणि कुंड्या दुसऱ्या. काही कुंड्या नगरसेवक निधीतून, ठळक नावासकट. खुंटीची जाडी, उंची, दोन खुंट्यांमधले अंतर यांत थोडा फरक पडला तरी हात अर्धवट बसतो. स्थानिक कारखान्यात बनवलेल्या लोखंडी कुंड्यांत खुंटीचे वेल्डिंग तिरके असेल तर पहिल्या दिवसापासून एका हातावर जास्त भार येतो.

तेल, पाणी आणि वेल्डिंग

ओल्या कचऱ्यातून गळणारे पाणी आम्लधर्मी असते. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीसारख्या किनाऱ्यावरच्या शहरांत त्यात खाऱ्या हवेची भर. सिलेंडरच्या चकचकीत दांड्यावर क्रोमचा पातळ थर असतो. त्याला खड्डे पडले की दांडा आत-बाहेर होताना सील कापले जाते. तेल बाहेर गळते आणि त्याच वाटेने धूळ, पाणी आत शिरते. घाण तेल हा हायड्रॉलिक यंत्रणेचा सर्वांत मोठा शत्रू. ते पंप आणि व्हॉल्व्ह दोन्ही खाते. गळलेले तेल रस्त्यावर सांडून दुचाकी घसरतात, तो वेगळाच ताप.

गाडी रोज धुतली जाते, हे चांगलेच. पण जोरदार फवाऱ्याने पिना आणि बुशमधले ग्रीसही निघून जाते. म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी धुणे, मग ग्रीस. अनेक डेपोंत ग्रीसचे वेळापत्रक धुण्याशी जोडलेले नसते, ते आठवड्याशी किंवा आठवणीशी जोडलेले असते.

तडा गेल्यावर वेल्डिंग करून घेण्यातही धोका आहे. वेल्डिंगची अर्थिंग क्लॅम्प जवळ न लावता चासीवर कुठेतरी लावली, तर प्रवाह सिलेंडर आणि बेअरिंगमधून वाट काढतो आणि त्यांच्या पृष्ठभागावर ठिणग्यांचे डाग पाडतो. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ वाहनांत इंजिनाचा कारभार इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाकडे असतो. बॅटरी न सोडता वेल्डिंग केले तर लिफ्टच्या दुरुस्तीत गाडीचा मेंदू जळण्याचा खर्च पदरात पडू शकतो.

कामगारांच्या जिवाशी संबंध कसा?

लिव्हर बहुतेक गाड्यांत मागच्या कोपऱ्यावर असतो आणि तो ओढणारा कामगार वर जाणाऱ्या कुंडीपासून हातभर अंतरावर उभा असतो. वर गेलेली कुंडी तेलाच्या दाबावर टिकून असते. होज पाइप फुटला आणि सिलेंडरच्या तोंडाशी तेल अडवून ठेवणारा व्हॉल्व्ह नसला, तर सहाशे-सातशे किलोंचा बोजा खाली येतो. हा व्हॉल्व्ह म्हणजे मुठीत मावेल एवढा भाग. गाडीच्या किमतीत तो दिसतही नाही.

युरोपात कचरागाड्यांसाठी ‘ईएन १५०१’ हे वेगळे मानक आहे. मागच्या पायरीवर माणूस उभा असेल तर गाडीचा वेग ताशी ३० किलोमीटरपुढे जाऊ नये आणि ती मागे घेता येऊ नये, अशी व्यवस्था त्यात अपेक्षित आहे. आपल्याकडे निविदांमध्ये गाडीची क्षमता, चासी आणि जीपीएस यांवर पानेच्या पाने असतात. लिफ्टखाली उभ्या असलेल्या माणसावर तेवढा तपशील क्वचितच सापडतो. लिफ्ट बंद पडली की होणारा दुसरा त्रासही त्यालाच. कुंडीत उतरून कचरा उपसायचा, त्यात सुया, काचा, सॅनिटरी पॅड, सगळे आले.

टनावर पैसे, मग राडारोडा कोण अडवणार?

कचरा वाहतुकीचे पैसे वजनकाट्यावरच्या टनांनुसार मोजण्याची पद्धत दीर्घकाळ चालत आली. या पद्धतीत जड कचरा हा तोट्याचा नव्हे, तर कमाईचा भाग ठरतो. मुंबईत वजन वाढवण्यासाठी कचऱ्यात डेब्रिज मिसळल्याचे प्रकरण काही वर्षांपूर्वी गाजले आणि महापालिकेला कंत्राटदारांवर कारवाईचे पाऊल उचलावे लागले. जो दगड लिफ्टचे आयुष्य कमी करतो, तोच बिलाची रक्कम वाढवत असेल, तर कुंडीत राडारोडा आहे हे सांगण्याची घाई कुणालाच नसते. गाडी कंत्राटदाराची असेल तर दुरुस्तीचा खर्च निदान त्याच्या माथी येतो. गाडी महापालिकेची आणि चालवणारे मनुष्यबळ कंत्राटदाराचे असेल, तर झीज एकाची आणि फायदा दुसऱ्याचा.

सेवेच्या दर्जावर आधारित कंत्राटे, म्हणजे कुंड्या वेळेवर रिकाम्या झाल्या की नाही यावर पैसे, हा त्यावरचा एक मार्ग. पण त्यातही बंद लिफ्टची नोंद ‘गाडी उपलब्ध’ अशीच होत असेल तर उपयोग नाही. जीपीएसवर गाडी फिरताना दिसते. तिने किती कुंड्या उचलल्या हे दिसत नाही. लिफ्टवर वजन मोजणारा लोड सेल आणि उचलींची मोजणी बसवली, तर हे दोन्ही प्रश्न एकत्र सुटतात. कुठल्या नाक्यावरची कुंडी रोज आठशे किलोंची भरते ते कळेल, आणि राडारोडा टाकणारे शोधायला तिथूनच सुरुवात करता येईल.

नियम काय सांगतात, आणि आता काय करता येईल?

२०१६ च्या बांधकाम आणि पाडकाम कचरा व्यवस्थापन नियमांनी राडारोडा इतर कचऱ्यात मिसळण्यास मनाई केली. दिवसाला २० टन किंवा महिन्याला एका प्रकल्पातून ३०० टनांहून अधिक राडारोडा निर्माण करणाऱ्यांवर वेगळी जबाबदारी टाकली. मोठे बिल्डर या चौकटीत आले. कुंडीत गोणी टाकणारा घरमालक किंवा त्याचा गवंडी कागदोपत्री आला, प्रत्यक्षात निसटला. मुंबईत ‘डेब्रिज ऑन कॉल’ ही सेवा आहे, पण चार गोण्यांसाठी अर्ज करण्यापेक्षा रात्री कुंडी गाठणे सोपे वाटते. प्रभागागणिक एक छोटे राडारोडा संकलन केंद्र, तेही रिक्षा-टेम्पोने पोहोचता येईल एवढ्या अंतरावर, हा दंडापेक्षा परिणामकारक उपाय ठरण्याची शक्यता अधिक.

बाकीचे उपाय डेपोतच होण्यासारखे आहेत. सकाळी गाडी बाहेर पडण्यापूर्वी पाच मिनिटे रिकामी लिफ्ट वर-खाली करून पिना, होज आणि वेल्डिंगवर नजर टाकणे. तडा दिसला तर ‘संध्याकाळी बघू’ न म्हणता गाडी उभी करणे. त्यासाठी मुकादमाला तसा अधिकार आणि डेपोत एक राखीव गाडी लागते. जास्तीत जास्त ओला कचरा येणाऱ्या भाजी मंडई, हॉटेलांचे रस्ते आणि शहाळेवाल्यांच्या नाक्यांवर ११०० लिटरऐवजी २४० लिटरचे डबे ठेवणे. त्यांचीही मर्यादा आहेच, ०.४ च्या हिशेबाने ९६ किलो. पण डबा कितीही ठासून भरला तरी लिफ्टच्या हातावर एका वेळी येणारे वजन आटोक्यात राहते, आणि चाक तुटले तरी दोघे जण तो सरळ लावू शकतात. आणि पुढच्या निविदेत कुंडी व गाडी यांची मापे एकाच परिशिष्टात लिहून, पुरवठ्याच्या दिवशी भरलेली कुंडी त्याच गाडीवर उचलून दाखवण्याची अट घालणे. चाचणीसाठी ४४० किलोंच्या वाळूच्या गोण्या पुरतात. शहाणपणा करायचा तर ६०० किलोंच्या ठेवाव्यात.